हॅवलॉकवर आई-बाबांना घेऊन एक निवांत जेवण: पुण्यातून फोन करण्यापासून बिल देईपर्यंत

गेल्या डिसेंबरात आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. बाबांना कित्येक वर्षांपासून सेल्युलर जेल बघायचं होतं, आईला निळं पाणी. आणि मला त्या दोघांना एकदा अशा ठिकाणी जेवायला न्यायचं होतं, जिथे वाढणाऱ्याला घाई नसते, समोर समुद्र असतो आणि जेवताना आईला एकदाही उठावं लागत नाही. म्हणून अंदमानच्या सहलीत हॅवलॉकवरच्या चांगल्या रेस्टॉरंटमधलं एक जेवण ठरवलं.

पुण्यात आपण सात वाजता ठरवतो आणि आठ वाजता कोरेगाव पार्कात टेबलावर बसलेले असतो. बेटावर तसं होत नाही. तिथलं जेवण बोट, सूर्य आणि त्या दिवशीची मासळी यांच्यावर ठरतं. रेस्टॉरंट कोणतं, हा प्रश्न त्यानंतरचा. आम्हाला हे पहिल्याच दिवशी एक टेबल आणि भरलेला अॅडव्हान्स गमावून कळलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी नावं आणि दिशा समजून घ्या

हॅवलॉकचं अधिकृत नाव डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आहे. नील बेट म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या निरोपात दुसरं आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरं असं होतं. आमच्या बाबांनी तर दोन वेगळी बेटं समजून वहीत दोन दिवस मांडले होते. बुकिंग करताना दोन्ही नावं ताडून पाहा.

बेटावर गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर आणि राधानगर अशी गावं आहेत. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी ती वसवली, त्यामुळे तिथल्या घरगुती जेवणाला बंगाली चव आहे. बोट लागते ती गोविंदनगरजवळच्या धक्क्याला. तिथून राधानगर साधारण १२ किलोमीटर, बेटाच्या दुसऱ्या टोकाला.

आता जेवणाच्या दृष्टीने महत्त्वाचं: राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, विजयनगर आणि काला पत्थर पूर्वेला. म्हणजे समुद्रात बुडणारा सूर्य बघत बसायचं असेल तर राधानगरची बाजू. ताज एक्झॉटिका आणि बेअरफूट ही मोठी रिसॉर्टं त्याच बाजूला आहेत. विजयनगर-गोविंदनगरच्या बाजूला लहान रिसॉर्टं आणि किनाऱ्यावरचे कॅफे जास्त आहेत. तिथे संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, झाडांच्या आड जातो. ‘समुद्रासमोरचं टेबल’ एवढंच ऐकून सूर्यास्त दिसेल असं धरून चालू नका.

२. जेवणाचा दिवस: पोचण्याचा नको, विमानाच्या आदल्या रात्रीचाही नको

पुण्याहून जाताना बहुधा चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं. पुढे श्री विजयपुरमहून हॅवलॉकला जलद खासगी बोटीने दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला जास्त. रात्री या बोटी नसतात. त्यामुळे बेटावर रात्रीचं जेवण म्हणजे बेटावर मुक्काम, हे गृहीत धरा.

आणि समुद्र खवळला की बोट रद्द होते. पावसाळ्यात तर होतेच, पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचाही काळ आहे, तेव्हाही होते. आमची सकाळची बोट अशीच रद्द झाली. त्याच संध्याकाळचं टेबल सांगून ठेवलेलं होतं, फोन लागेपर्यंत दुपार झाली आणि पैसे परत मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा आई गप्प होती. मला तिचं ते गप्प बसणं पैशांपेक्षा जास्त लागलं.

म्हणून दिवस असे मांडा. पहिला दिवस प्रवास, मुक्काम श्री विजयपुरमला, जमलं तर सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी सकाळची बोट, पोचून आराम. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खास जेवण. चौथ्या दिवशी परत श्री विजयपुरम, पाचव्या दिवशी विमान. बेटावरून निघून त्याच दिवशी विमान पकडायचं धाडस वडीलधाऱ्यांना घेऊन करू नका.

३. तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय उघडा

ही पायरी कोणताही टूरवाला सांगत नाही, पण आपल्या घरात ती लागतेच. थंडीतला अंदमानचा मोसम आणि मार्गशीर्ष बऱ्याच वेळा एकत्र येतात. आईचे मार्गशीर्षातले गुरुवार कडक असतात. घरी ज्यांचा संकष्टीचा, एकादशीचा किंवा शनिवारचा उपास असेल, त्यांना न विचारता टेबल सांगितलं, तर मासळीच्या बेटावर जाऊन ते माणूस केळं आणि दूध घेऊन बसतं. बरं, आई स्वतःहून सांगतही नाही. ‘तुम्ही खा, मला चालतं’ म्हणते. आधीच विचारा.

कालनिर्णयातच पौर्णिमा पाहा. पौर्णिमेच्या दिवशी सूर्य मावळायच्या सुमाराला चंद्र पूर्वेला उगवतो. त्या एक-दोन दिवसांत तुम्ही तिथे असाल तर माझा सल्ला आहे की राधानगर सोडा आणि विजयनगरच्या बाजूला टेबल घ्या. समुद्रातून वर येणारा तो तांबूस चंद्र आम्ही चौघांनी सूप थंड होईपर्यंत बघितला.

तिसरी गोष्ट मासेमारी बंदीची. आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे पावसाळ्यात मासे महाग हे आपल्याला माहीत आहे. अंदमानात मात्र पूर्व किनाऱ्याचं वेळापत्रक लागू होतं: १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे नेमकी मुलांची मे महिन्याची सुट्टी त्यात येते. तेव्हा लहान होड्यांची थोडी मासळी मिळते, बाकी बर्फातली असू शकते. ताज्या मासळीसाठीच जाणार असाल तर मे टाळा.

४. फोन करा, आणि हे प्रश्न विचारा

ॲपवर बुकिंग झालं तरी एकदा फोनवर बोला. हिंदी सगळीकडे चालते. दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान फोन केला तर समोरच्याला बोलायला वेळ असतो. मी वहीत लिहून घेतलेले प्रश्न जसेच्या तसे देते:

- तुमच्याकडे राहत नसलेल्यांना जेवायला येता येतं का? (काही रिसॉर्टं फक्त राहणाऱ्यांनाच घेतात, काही आदल्या दिवशी सांगितलं तर घेतात.)
- रात्रीचं स्वयंपाकघर किती वाजता सुरू होतं आणि शेवटची ऑर्डर कधी?
- सेट मेन्यू आहे की हवं ते मागवता येतं?
- टेबल वाळूवर आहे की फरशीवर? पायऱ्या किती?
- बोट रद्द झाली तर अॅडव्हान्सचं काय?
- जेवणावर जीएसटी किती, सर्व्हिस चार्ज लावता का?
- बिल यूपीआयने चालेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागा. तोंडी ‘हो हो, करू ना’ नंतर कुणाला आठवत नाही.

शाकाहारी, जैन, कांदा-लसूण न खाणारे, कोळंबीची ॲलर्जी असलेले, मधुमेही असं कुणी बरोबर असेल तर तेही आधीच सांगा. बेटावर बराच किराणा आणि भाजी बोटीने येते. शेफच्या मनात असलं तरी ऐन वेळी मश्रूम किंवा पनीर हाताशी नसतं. एक दिवस आधी कळलं तर ते मनापासून काहीतरी करतात. आमच्याकडे माझ्या नवऱ्याला कवचातलं काही चालत नाही. त्याच्यासाठी त्यांनी केळीच्या पानात मोहरी लावून वाफवलेला मासा केला. बंगाली लोक त्याला पातुरी म्हणतात. टेबलावरचा सगळ्यांत चांगला पदार्थ तोच ठरला.

५. घड्याळ पुण्याचं, सूर्य तिथला

पुणे साधारण ७४ रेखांशावर आहे, हॅवलॉक ९३ वर. एका रेखांशाला ४ मिनिटं धरली तर हा फरक सव्वा तासाचा होतो, पण घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरात पुण्यात सहाला सूर्य मावळतो, तिथे पाचच्या आसपास. साडेपाचला अंधार पडलेला असतो. मे महिन्यातसुद्धा पावणेसहाच्या आत सगळं आटोपतं.

त्यामुळे ‘सातचं टेबल द्या, सूर्यास्त बघत जेवू’ असं मागितलं तर समोर फक्त काळोख आणि लाटांचा आवाज मिळेल. सूर्यास्त हवा असेल तर सव्वाचारलाच जाऊन बसा. नारळपाणी, लिंबू सरबत, काहीतरी हलकं खाणं मागवा आणि जेवण सात वाजता करा. मधल्या वेळात जागेवरून उठायला लागणार नाही ना, हे फोनवरच विचारून घ्या.

६. पुण्यातच थोडा सराव

मला ही पायरी सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बाबा आयुष्यभर बँकेत होते, पण अशा ठिकाणी कधी गेले नव्हते. निघायच्या आठवडाभर आधी म्हणाले, “अगं, आपल्याला जमेल का तिथे? काटा-चमचा चुकला तर तुलाच ओशाळल्यासारखं होईल.”

ज्याच्या मनात ही धास्ती आहे, त्याला तिथे घास गोड लागत नाही. म्हणून एका रविवारी आम्ही पुण्यातच एका चांगल्या रेस्टॉरंटमध्ये दुपारी जेवायला गेलो. दुपारी गर्दी कमी असते आणि वाढणारे सावकाश समजावतात. बाबांना तिथे चार गोष्टी दाखवल्या, त्या पुरल्या:

नॅपकिन मांडीवर ठेवायचा. चमचे-काटे बाहेरच्या बाजूने आत उचलत जायचे, प्रत्येक पदार्थाला एक जोडी. खाऊन झालं की काटा आणि सुरी ताटलीत शेजारी शेजारी ठेवायची, म्हणजे ताटली उचलतात. मध्ये नुसते थांबला असाल तर दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवायचे. लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी येतं ते हात धुवायला.

आणि पाचवी गोष्ट मी ठासून सांगितली: हाताने खाल्लं तरी चालतं. काटेरी मासा आणि खेकडा तर हातानेच खावा. कुणीही नाक मुरडत नाही.

पदार्थ एकेक करून येतात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात, हेही आधी सांगून ठेवा. नाहीतर ‘विसरले वाटतं’ म्हणून आई-बाबा अस्वस्थ होतात, किंवा सुरुवातीच्या पावावरच पोट भरतात. मधुमेह असेल तर गोळी पहिला पदार्थ समोर आल्यावर घ्यायची की आधी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

७. बरोबर काय न्यायचं

- प्रत्येकाचं मूळ फोटो ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. बोटीवर चढतानाही दाखवावं लागतं. लहान मुलांचं आधारही घ्या.
- बोटीच्या जाण्या-येण्याच्या तिकिटांची छापील प्रत.
- रेस्टॉरंटच्या बुकिंगचा निरोप, बोललेल्या माणसाचं नाव आणि तारीख.
- रोख पैसे. समुद्राखालून टाकलेली चेन्नई-अंदमान केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि ती स्वराज द्वीपपर्यंत येते, त्यामुळे नेट पूर्वीपेक्षा पुष्कळ बरं आहे. तरीही ऐन वेळी यूपीआय अडकतं आणि बेटावर एटीएम मोजकीच. चौघांच्या जेवणाइतकी रोकड पुण्यातूनच काढून न्या.
- छोटा टॉर्च. वीज अधूनमधून जाते आणि वाटेवर दिवे कमी.
- ओडोमॉस. संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात, दोन दिवस खाज राहते. घोट्यांना आणि पायाच्या बोटांना आधीच लावा.
- सपाट चपला.

कपड्यांचं सांगते. स्वच्छ, साधे, नीटनेटके पुरतात. पुरुषांना लांब पँट आणि कॉलरचा शर्ट. आईला पैठणी नेसायची होती. मी अडवलं नाही, पण आमचं टेबल वाळूवर होतं. वाळूत टाच रुतते, निऱ्या पायाखाली येतात, आणि समुद्राचं दमट वारं जरीला सोसत नाही. तिने शेवटी खोचून नेसलेली पैठणी अर्धा तास सावरली आणि मग खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. तुमच्या आईसाठी नारायणपेठ किंवा सुती इरकल न्या. काठ तितकाच शोभतो आणि वाळू झटकली की जाते.

८. रिक्षा आधी बांधा, परतीचीसुद्धा

बेटावर फिरायला रिक्षा, थोड्या टॅक्सी आणि भाड्याच्या स्कूटर. अंधार पडल्यावर रिक्षा दिसेनाशा होतात, ॲपवर बोलावता येत नाहीत. सकाळी ज्याच्या रिक्षाने फिराल त्यालाच संध्याकाळचं जाणं, थांबणं आणि परत सोडणं असा एकच भाव विचारा. पैसे परत आल्यावर द्या. त्याचा नंबर दोघांच्या फोनमध्ये ठेवा. रात्री स्कूटरवर जाऊ नका. राधानगरचा रस्ता झाडीतला, वळणांचा आणि काळोखा आहे.

९. टेबलावर: मासा कसा निवडायचा

मेन्यूकार्ड उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: “आज काय आलंय?” बेटावरच्या चांगल्या रेस्टॉरंटची खरी परीक्षा इथेच होते. जो माणूस ‘सगळं आहे’ म्हणतो त्याच्याकडे बर्फातलं असण्याची शक्यता जास्त. आमच्या वाढणाऱ्याने सांगितलं, “सर, आज स्नॅपर आणि टूना छान आहे. लॉबस्टर आहे, पण मी सुचवणार नाही.” त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

नावं आपल्या भाषेत लावून घ्या, म्हणजे गोंधळ होत नाही. रेड स्नॅपर म्हणजे तांबोशी, ग्रुपर म्हणजे हेकरू, टूना म्हणजे कुपा, बारामुंडी म्हणजे जिताडा, स्क्विड म्हणजे माकूळ, लॉबस्टर म्हणजे शेवंड.

मग मासा बघायला मागा. बाबा गणेश पेठेतल्या मासळी बाजारात तीस वर्षं जाताहेत. ताटात तांबोशी आली तशी त्यांची सगळी धास्ती गेली. त्यांनी कल्ला अलगद उचलून आतला लाल रंग पाहिला, अंगठ्याने पाठीवर दाबलं, खळगा लगेच भरून आला. डोळा फुगीर आणि स्वच्छ होता. “आजचाच आहे,” म्हणाले, आणि शेफसुद्धा बाहेर येऊन त्यांच्याशी बोलत उभा राहिला. ज्यांना फोर्कची भीती वाटत होती, ते त्या टेबलावरचे सगळ्यांत जाणते झाले.

आता इथला सापळा. कार्डावर माशापुढे आकडा नसतो, ‘बाजारभाव’ असं लिहिलेलं असतं, किंवा शंभर ग्रॅमचा भाव असतो. हे वजन कच्च्या, अख्ख्या माशाचं असतं, डोकं आणि आतड्यांसकट. म्हणून तीन गोष्टी बोलून घ्या: भाव किती, वजन किती, एकूण किती. समजा शंभर ग्रॅमला २५० रुपये भाव आहे आणि मासा दीड किलोचा आहे, तर तो एक मासा ३,७५० रुपयांचा झाला. ‘अडीचशे’ ऐकून मान डोलावली तर बिल बघताना जेवणाची चव जाते. शेवंड आणि खेकड्याला तर कवचाचंही वजन भरतं.

चौघांत अख्खा एक मासा, दोन भाज्या किंवा एक रस्सा आणि भात पुरतो. साधा भात, बंगाली पद्धतीचं माशाचं कालवण आणि ग्रिल केलेला मासा, एवढं मागवलंत तर आई-बाबा पोटभर जेवतील. चीज आणि क्रीमचे पदार्थ पुण्यात मिळतात, तिथे कशाला!

१०. बिल

हॉटेलच्या आवारातलं रेस्टॉरंट असेल आणि तिथल्या खोलीचं रात्रीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जात असेल तर जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या साध्या रेस्टॉरंटला ५ टक्के. दहा हजारांच्या जेवणावर हा फरक १,३०० रुपयांचा आहे, म्हणून आधीच धरून ठेवा.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये, अशी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तो दिसला तर नम्रपणे काढायला सांगा. त्याऐवजी वाढणाऱ्याच्या आणि जमलं तर आत राबणाऱ्यांच्या हातात रोख द्या. ते लोक तुमची शेवटची ताटली उचलून मग जेवायला बसतात.

बिलात माशाचं वजन तेच आहे का ते पाहा. आमच्या बिलात होतं. बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि ती घडी अजून त्यांच्या पाकिटात आहे. बाहेर रिक्षावाला दिवा बंद करून वाट बघत होता. आईने पैठणीचा ओचा झटकला, चिमूटभर वाळू पडली, आणि ती म्हणाली, “उद्या बोट कितीची आहे गं?”